गाडी हळू करताना गिअर कधी आणि कसा कमी करायचा? (धारूरचा घाट रोजचा आहे)

केजची मास्तरीण

नमस्कार. प्रश्न बाळबोध वाटेल, पण घरात आणि शाळेत मिळून तिघांनी तीन तऱ्हा सांगितल्यात, म्हणून इथं विचारतेय.

जुनी वॅगन आर घेतलीय, पेट्रोलवरची, पाच गिअरची. केजहून धारूर, तिथून घाट उतरून तेलगावच्या बाजूला माझी शाळा. गाडी चालवायची भीती आता राहिली नाही. ओव्हरटेक जमतं, चढावर थांबलेली गाडी मागं न सरकू देता उचलता येते. गोंधळ होतो तो वेग कमी करतानाच.

ड्रायव्हिंग स्कूलच्या सरांनी शिकवलं होतं की थांबायचं असलं की क्लच आणि ब्रेक एकदमच दाबा, गाडी बंद पडणार नाही. आमचे दीर म्हणतात, "वहिनी, उतार लागला की न्यूट्रल करून सोडून द्या, पेट्रोल वाचतं. आमची मारुती मी धारूरपासून खालपर्यंत तशीच सोडायचो." आणि शाळेतले गणिताचे सर म्हणतात, पाचवरून चार, चारवरून तीन, तीनवरून दोन, असं पायरी पायरीनंच यायचं, मधला गिअर कधी गाळायचा नाही. सरांचं ऐकून करायला गेले तर गतिरोधक येईपर्यंत माझा हात गिअरवरच आणि नजरसुद्धा तिकडेच. समोर रस्त्यावर कोण आहे हे बघायचं राहून जातं.

आमच्याकडचा रस्ता तुम्हाला माहीतच असेल. गावागावात पट्टे न मारलेले गतिरोधक, जवळ गेल्याशिवाय दिसत नाहीत. मेंढरांचे कळप. हंगाम सुरू झाला की उसाचे ट्रॅक्टर, मागं दोन-दोन ट्रॉल्या आणि एकीलाही लाल दिवा नाही. त्यामुळे वेग सारखा वाढवा, सारखा कमी करा, हेच चालू असतं.

तर मला हे कळत नाही की आधी ब्रेक की आधी क्लच? एकेक गिअर खाली यायलाच पाहिजे का? घाटात कोणता गिअर? आणि दुसरा गिअर टाकल्यावर क्लच सोडला की कधी कधी गाडी डोकं आपटेल असा झटका देते, तो कशामुळं?

हायवे हंटर (पुणे)

ताई, सोपं आहे. ब्रेकला हात, म्हणजे पाय लावायचाच नाही शक्यतो. गिअर डाउन करत करत गाडी थांबवायची, इंजिन ब्रेकिंग म्हणतात त्याला. पॅड वर्षानुवर्षं टिकतात. पुढं हील अँड टो शिका, उजव्या पायानंच ब्रेक आणि रेस दोन्ही. मी लातूरला गावी येताना निम्मा रस्ता ब्रेक न लावता येतो. व्हिडिओ भरपूर आहेत, बघा.

लाल डबा

ताई, मी एसटीत ड्रायव्हर होतो, आता रिटायर होऊन घरी आहे. आमचा मुलूख म्हणजे अंबाजोगाई, परळी, माजलगाव, बीड. धारूरचा घाट भरल्या गाडीनं, पावसात, उसाच्या दिवसांत, रातच्या मुक्कामी गाडीवर, सगळ्या तऱ्हेनं उतरलोय. तुमच्या तिघांच्या सांगण्यात थोडं थोडं खरं हाय, म्हणून तर घोळ झालाय. पुण्याच्या भाऊंचं आधी बाजूला ठेवा, त्याच्याकडं मागून येतो.

पहिलं हे पक्कं करा. सपाट रस्त्यावर गाडी हळू करायचं काम ब्रेकचं. गिअरचं न्हाई. ब्रेकनं वेग उतरला की जो वेग उरला त्याला जुळंल असा गिअर टाकायचा, म्हंजे पुन्हा रेस दिली की गाडी चटकन उचलली पाहिजे. गिअर पुढच्या निघण्यासाठी टाकायचा असतो, थांबण्यासाठी न्हाई. एवढं डोक्यात बसलं की बाकीचं आपोआप जागेवर येतं.

आता गतिरोधक. समजा तुम्ही चौथ्यात ५५-६० नं निघालाय आणि गावाची कमान दिसली. कमान दिसली की पाय रेसवरून काढा. गतिरोधक दिसायची वाट बघू नका, आपल्याकडं कमान आली म्हंजे तो हायच. मग ब्रेक, हळूहळू वाढवत. क्लच अजून दाबायचा न्हाई! गाडी गिअरमध्ये असली की इंजिनही तिला मागं ओढतं, ब्रेकला मदत होते. क्लच दाबला की चाकाचा आन् इंजिनचा संबंध तुटला, गाडी मोकळी सुटली. तुम्हाला वाटतं ना, क्लच दाबल्यावर गाडी उलट पुढं पळाल्यासारखी? ते भास न्हाई, इंजिनचा धरून ठेवणारा जोर गेलेला असतो.

२५ च्या आसपास आलात की इंजिनचा आवाज जाडसर होतो, गाडी हलकीशी थरथरायला लागती. तीच क्लचची वेळ. क्लच दाबा, चौथ्यावरून सरळ दुसरा टाका, क्लच सावकाश सोडा. गतिरोधकाच्या अलीकडंच हे सगळं उरकलं पाहिजे. पुढचं चाक चढायच्या येळेला ब्रेकवरचा पायसुद्धा काढलेला असावा. ब्रेक दाबलेला असला की गाडीचं नाक खाली बसतं, आन् तशीच चढवली की खालून खरडती.

मधला तिसरा गाळला तर काही बिघडत न्हाई. गणिताच्या सरांना माझा नमस्कार सांगा आन् म्हणा, इथं पायऱ्या गाळल्या तरी मार्क कटत न्हाईत.

पण सर म्हणतात ते आलं कुठून, तेही सांगतो. आम्ही लागलो तेव्हाच्या गाड्यांना गिअर सरळ पडायचाच न्हाई. क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, रेस द्या, परत क्लच दाबा, मग खालचा गिअर. डबल क्लच म्हणायचो. जरा चुकलं की खर्र करून सगळी बस माघारी वळून बघायची. तिथं चारवरून दोन घेणं अवघडच, म्हणून उस्ताद पायरी पायरीनं शिकवायचे. तुमच्या कारच्या गिअरबॉक्समध्ये दोन्हीकडच्या फेऱ्या जुळवून घेणारी कडी बसवलेली असते, सिंक्रो म्हणतात. तिच्यामुळं हा खटाटोप उरला न्हाई. शिकवणारे मात्र जुनंच पुढं चालवायलेत.

सिग्नल नाहीतर रेल्वेचं फाटक, जिथं पूर्ण थांबायचंच हाय, तिथं तर गिअर बदलायचीच गरज न्हाई. ज्या गिअरमध्ये हाव त्यातच ब्रेक लावत या, गाडी थरथरायच्या बेतात आली की क्लच, थांबली की न्यूट्रल आन् हँडब्रेक. ड्रायव्हिंग स्कूलचं "क्लच-ब्रेक एकदम" इथं निम्मं बरोबर हाय. क्लच दाबायचाच, पण शेवटी. परीक्षेत लेकरं १५-२० च्या वर जातच न्हाईत, त्यांना दोन्ही एकदमच येतं. मास्तर तेवढ्यावर थांबतात, ६० वर काय करायचं ते सांगायचं राहूनच जातं. आन् पहिला गिअर चालत्या गाडीत टाकायची सवय लावू नका. पहिला निघण्यासाठी, नाहीतर गाडी गोगलगाईवर आली असंल तेव्हा.

आता घाट. घाटात सगळं उलटं. तिथं धरायचं काम गिअरचं, ब्रेक फक्त मदतीला. आन् गिअर ठरवायचा तो उतार सुरू व्हायच्या आधी, उतारावर गेल्यावर न्हाई. धारूर सोडून पहिलं वळण यायच्या आतच ४०च्या खाली या, तिसरा टाका. पुढची आखडती वळणं दिसायला लागली की त्याच्या आधी दुसरा. उस्तादांचा नियम होता: ज्या गिअरमध्ये हा घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. तुमच्या गाडीत चार माणसं आन् मागं सामान असलं की हा नियम लई कामाला येतो.

पाय रेसवरून पूर्ण काढा आन् बघा. गाडी एका वेगाला धरून राहिली, निस्तं इंजिन घोंघावायलंय, तर गिअर बरोबर हाय. घोंघावू द्या, त्यानं काही होत न्हाई. काही न करता काटा चढतच चालला तर गिअर मोठा हाय. मग चांगला ब्रेक मारून २५ वर आणा आन् दुसरा टाका. वेग न उतरवता दुसरा कोंबायचा न्हाई. ५०-६० ला दुसरा कोंबून क्लच सोडला तर पुढची चाकं एकदम अडतात, ओल्या रस्त्यात गाडी सरकती, इंजिनचं नुकसान वेगळंच.

ब्रेकवर पाय ठेवून घाट उतरायचा न्हाई, ताई. लोक असं करतात, वरपासून खालपर्यंत हलका हलका पाय, मागच्याला सगळा घाट लाल दिवाच दिसतो. ठासून दाबा, १० नं वेग उतरवा, पूर्ण सोडा. पुन्हा चढला की पुन्हा दाबा. मधल्या वेळात वारा लागून ब्रेक थंड होतात.

न्यूट्रलचं मी काही लांबण लावत न्हाई. उतारावर बैलाचा कासरा कुणी ढिला सोडतं का? आन् दीर नुसतं न्यूट्रलच करत होते की किल्लीही बंद करत होते, ते विचारून घ्या. इंजिन बंद झालं की ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम दोन-तीन दाबण्यांत संपतो. मग पेडल दगडावाणी लागतं, स्टेअरिंगही जड होतं. किल्ली चुकून पुरती मागं फिरून निघाली तर स्टेअरिंगला कुलूपच.

पुण्याच्या भाऊंना एक. गिअरनं गाडी हळू केली की मागचा लाल दिवा लागत न्हाई. मागच्याला काय कळणार तुम्ही हळू झालात? मोकळ्या चारपदरी रस्त्यावर ठीक हाय. आमच्या केज–धारूर रस्त्यावर मागं उसाचा ट्रक असतो.

गॅरेजवाला, परळी रोड

काकांनी ड्रायव्हिंगचं सांगितलं, मी खालून दिसतं ते सांगतो.

ब्रेक पॅड वाचवायला गिअरनं गाडी थांबवतो म्हणणारी गिऱ्हाईकं माझ्याकडं येतात. पॅड खरंच चांगले असतात त्यांचे. पण क्लच प्लेट गेलेली असते. पॅड बदलायला चाक काढलं, दोन बोल्ट खोलले, तासाभरात गाडी रस्त्यावर. क्लच प्लेटसाठी गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो, दिवस जातो, आणि मजुरी धरून पॅडच्या कितीतरी पट बिल होतं. म्हणजे स्वस्त वस्तू वाचवायला महाग वस्तू झिजवायची. घाटातली गोष्ट वेगळी, तिथं एकदा गिअर टाकून क्लच सोडला की क्लच झिजतच नाही, तो घट्ट बसलेला असतो. झिजतो तो घसरताना. दर गावात पाच-चार-तीन-दोन-एक करणाऱ्याचा क्लच तेवढ्याच वेळा घसरतो.

त्याहून मोठी भानगड म्हणजे डावा पाय क्लचवर टेकवून ठेवायची सवय. बायका-पुरुष सगळेच करतात. वॅगन आरमध्ये डाव्या पायाला जागा तशी कमीच, पण पाय खाली मॅटवर ठेवा. नुसत्या टेकण्यानंसुद्धा रिलीज बेअरिंग, म्हणजे क्लच सोडवणारं बेअरिंग, फिरत राहतं आणि झिजतं.

जुनी गाडी घेतलीय म्हणालात, तर ब्रेक ऑइल कधी बदललंय ते मागच्या मालकाला विचारा. बहुतेक तो म्हणेल, कमी नाही झालं तर बदलायचं कशाला. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, डबी भरलेली दिसली तरी. डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल नवं असताना २३० अंशांच्या वर उकळतं, पाणी मुरलेलं १५५ च्या आसपाससुद्धा उकळू शकतं. घाटात ब्रेक सारखा दाबून धरला की चाकाजवळ एवढी उष्णता सहज होते. ऑइल उकळलं की पाइपात वाफ धरते. वाफ दबते, ऑइल दबत नाही, म्हणून पेडल मऊ होऊन खाली जातं आणि गाडी धरत नाही. लोक म्हणतात ब्रेक फेल झाला. गाडी थंड झाल्यावर आमच्याकडं आणतात तेव्हा ब्रेक ठणठणीत लागतो, आणि मग आम्हालाच म्हणतात तुम्हाला कळत नाही.

दोन वर्षांनी ऑइल बदलून टाका. खर्च फार नाही. आणि घाटात जळका, तिखट वास आला तर रुंद जागा बघून बाजूला घ्या, गाडी गिअरमध्ये ठेवून बंद करा, उताराच्या बाजूनं चाकाला दगड लावा. तापलेल्या डिस्कवर पाणी मारू नका, ती वाकडी होते. पंधरा-वीस मिनिटं बसा निवांत.

सूत्रधार (नांदेड, मेकॅनिकलचा विद्यार्थी)

पेट्रोल वाचण्याबद्दल, कारण तो मुद्दा कुणी धरला नाही. दीर खोटं बोलत नसावेत. कार्ब्युरेटरच्या, म्हणजे हवेच्या ओढीनं पेट्रोल खेचणाऱ्या, जुन्या गाड्यांत रेस सोडली तरी इंजिन जितक्या जोरात फिरेल तितकं पेट्रोल थोडंफार ओढलं जायचंच. न्यूट्रलमध्ये फेऱ्या कमी, म्हणून पेट्रोल कमी. तेव्हाचा हिशेब तेव्हाच्या गाडीला बरोबर होता, जोखीम सोडली तर.

तुमची गाडी इंजेक्शनची, म्हणजे पेट्रोल किती सोडायचं ते संगणक ठरवतो. गिअरमध्ये असताना रेस पूर्ण सोडली आणि फेऱ्या पुरेशा असल्या की संगणक पेट्रोल बंदच करतो. चाकंच इंजिनाला फिरवत असतात, त्याला जळायला काही लागत नाही. इंजिनच्या फेऱ्या मिनिटाला साधारण १२०० ते १५०० च्या खाली आल्या की पेट्रोल पुन्हा सुरू होतं, नाहीतर इंजिन बंद पडेल. उलट न्यूट्रल केलं की चाकांकडून मिळणारी ताकद तुटते, आणि इंजिन नुसतं चालू राहण्यासाठी पेट्रोल जाळावं लागतं. म्हणजे धारूरचा घाट न्यूट्रलमध्ये उतरलात तर पेट्रोल जास्त जातं. ज्यांच्या गाडीत त्या क्षणाचं मायलेज दाखवणारा पडदा आहे त्यांनी बघा, गिअरमध्ये रेस सोडून उतार उतरताना बऱ्याच गाड्यांत आकडा एकदम वरच्या टोकाला जाऊन बसतो.

आणखी एक हिशेब, गणिताच्या सरांसाठी. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत असते. ६० वरून ३० वर आलात की वेग निम्मा झाला, पण ऊर्जा एक चतुर्थांशच उरली. म्हणजे तीन चतुर्थांश काम या पहिल्या टप्प्यातच होतं, आणि ते करायला ब्रेकइतकं सक्षम गाडीत दुसरं काही नाही. गिअरवर काम टाकायचं तर ते लांब उतारावर, जिथं गाडीला वेग सारखा मिळतच राहतो आणि तो कुणीतरी सारखा खात राहायला हवा. पिस्टन हवा ओढायला आणि दाबायला जी ताकद लावतो ती उष्णता होऊन रेडिएटर आणि सायलेन्सरमधून निघून जाते. तापायचं काम इंजिनाला सवयीचं आहे.

केजची मास्तरीण

सगळ्यांचे आभार. गणिताच्या सरांना दोन्ही निरोप पोचवले. ऊर्जेचं त्यांना पटलं, मार्कांचं पटलं नाही. दीर म्हणतात, "इंजेक्शनबिंजेक्शन मला सांगू नका, मारुती पेट्रोल प्यायचीच नाही." किल्ली बंद करत होतात का विचारलं तर विषय बदलला.

काका, घाटात तिसरा-दुसरा करून उतरले. इंजिन एवढं ओरडतं की शेजारी बसलेल्या मॅडम म्हणाल्या काहीतरी मोडलंय. पण ब्रेकला पाय फार लागला नाही हे खरं.

तीन गोष्टी अजून. माझ्या गाडीत फेऱ्यांचा काटाच नाही, फक्त वेगाचा आहे. दुसऱ्या गिअरचा झटका अजून येतोच. आणि अचानक काही आडवं आलं तर? शेळ्यांना कमान दिसल्यावर थांबायला सांगता येत नाही.

लाल डबा

काटा आमच्या जुन्या गाड्यांनाही नव्हता, आन् ज्यांना वेगाचा होता त्यांचाही चालायचा न्हाई. कान हायेत की. तरी अंदाजाला आकडे देतो, तुमच्या गाडीसारख्या लहान कारला चालतील. पाचवा ५५-६० च्या वर. चौथा ४० ते ६०. तिसरा २५ ते ४५. दुसरा १० ते २५-३०. एकमेकांत घुसलेले हायेत, ते तसेच असतात. चढ असंल, गाडी भरलेली असंल तर खालचा धरा.

झटक्याची दोन कारणं. एकतर वेग पुरता उतरायच्या आधीच दुसरा पडायलाय. ३५-४० ला दुसरा टाकला की इंजिनला एकदम लई जोरात फिरावं लागतं, ते गाडीला मागं खेचतं. आधी ब्रेक अजून थोडा. दुसरं, क्लच सटकन सुटायलाय. जिथं क्लच धरायला लागतो तिथं पाय क्षणभर थांबवा, मग बाकीचा सोडा. हे जमल्यावर एक बारकी गोष्ट करून बघा: दुसरा टाकल्यावर क्लच सोडायच्या आधी रेसला अंगठ्याएवढा हलका स्पर्श करा. इंजिनच्या फेऱ्या वर येतात आन् झटका जवळपास जातो. आमच्या डबल क्लचमधली एवढी एकच गोष्ट कारमध्ये कामाची राहिलीय. हील-टोच्या मागं लागू नका, ताई. तुमच्या चपलेनं ते व्हायचं न्हाई.

काही आडवं आलं तर गिअरचं नावच काढायचं न्हाई. दोन्ही पाय, ब्रेक आन् क्लच, पूर्ण जोरानं. इथं तुमच्या ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांचं सोळा आणे बरोबर. हात दोन्ही स्टेअरिंगवर, कारण चुकवायचं असलं तर हातच लागणार. गाडी बंद पडली तर पडू द्या. आता गाडी कोणत्या सालातली ते बघा. एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या कारला एबीएस, म्हंजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं अडकू न देणारी यंत्रणा, सक्तीचं झालं. त्याच्या आधीच्या साध्या मॉडेलमध्ये बहुतेक नसंल. एबीएस असलं तर पेडल पायाखाली खडखडतं, घाबरून पाय काढू नका, दाबूनच धरा. नसंल आन् चाकं फरफटायला लागली तर क्षणभर पाय ढिला करून परत दाबा, न्हाईतर गाडी वळवली तरी सरळच जाती.

एक पावसाचं राहिलं. जून-जुलैत शेतातून निघालेले ट्रॅक्टर आपली काळी माती चाकाला चिकटवून डांबरीवर आणून सोडतात. वरून भुरभुर पाऊस पडला की साबणच. तिथं गिअर झपकन उतरवणंसुद्धा धोक्याचं, कारण तुमच्या गाडीत इंजिनचा ओढा फक्त पुढच्या चाकांवर येतो आन् वळवायचं कामही त्याच चाकांचं. मातीचा पट्टा लांबून दिसतो. त्याच्या आधीच वेग उतरवा, आधीच गिअर लावा, आन् पट्ट्यावरून काही न करता, ब्रेक न्हाई, गिअर न्हाई, नुसती गाडी जाऊ द्या.

हायवे हंटर (पुणे)

काका, लाल दिव्याचं मान्य. मी आता गिअर उतरवताना ब्रेकला हलका पाय लावतो, मागच्याला दिसावं म्हणून. पॅड तरी चांगलेच आहेत माझे, क्लच दाखवून घेतो.

केजची मास्तरीण

शेवटचं विचारते. घाटात मी २५-३० नं उतरते, तर मागचे हॉर्न मारून जीव नको करतात. आणि खालून उसाचा ट्रॅक्टर चढत असला की कुणी थांबायचं? रोज तिथं वादावादी असते.

लाल डबा

हॉर्नवाल्याला रुंद जागा आली की डावीकडं घेऊन वाट द्या, पण त्याच्यासाठी गिअर वाढवू नका. वळणावर हात दाखवून "जा" म्हणायचं न्हाई. पुढून काय यायलंय ते तुम्हालाबी दिसत नसतं.

चढणाऱ्याचा मान पहिला. अरुंद जागेत उतरणाऱ्यानं थांबायचं, नियमही तोच हाय. भरलेला ट्रॅक्टर चढावर एकदा थांबला की उचलताना त्याची पुढची चाकं हवेत जातात, मग स्टेअरिंग असून नसल्यासारखं. तुम्ही दुसऱ्यात असल्यावर थांबायला दोन गाड्यांची जागाही पुरती. जिथं त्याला सरळ निघता येईल अशी जागा ठेवून वरच थांबा. थांबल्यावर न्यूट्रल करायचं न्हाई, हँडब्रेक ओढा आन् क्लच दाबून पहिल्यात ऱ्हावा. जास्त वेळ लागणार असला तर इंजिन बंद, क्लच सोडलेला, गाडी रिव्हर्समध्ये. उताराकडं तोंड असताना रिव्हर्सच टाकायचा.

आन् परत येताना, तुम्ही चढत असाल आन् पुढं भरलेल्या ट्रॉल्या असतील, तर चिकटून जाऊ नका. तो मागं सरकला तर ब्रेक त्याच्याकडं ट्रॅक्टरचाच, ट्रॉलीला बहुतेक नसतो. तीन-चार गाड्यांचं अंतर ठेवा, दुसऱ्यातच ऱ्हावा, आन् तो वर पोचेस्तोवर ओव्हरटेकचा इचार काढून टाका.